मानेतील गाठ आणि उपचारांची निवड: चिनी वैद्यक व आधुनिक वैद्यक यांचा तुलनात्मक आढावा

मानेच्या बाजूला, काखेत किंवा जांघेत गाठ हाताला लागली, दोन-तीन आठवडे उलटूनही ती विरली नाही आणि डॉक्टरांनी सुईने पेशी काढून तपासण्याचा सल्ला दिला, की घरात मतभेद सुरू होतात. कोणी म्हणते, तपासणी आजच उरकून घ्यावी. कोणी म्हणते, सुई टोचली की गाठ चिघळते, त्याआधी एखादा सौम्य उपचार करून पाहावा. या सौम्य उपचारांत आयुर्वेद आणि होमिओपथी यांच्या जोडीला आता अ‍ॅक्युपंक्चर आणि इंटरनेटवरून मागवता येणाऱ्या चिनी वनौषधींच्या गोळ्याही आल्या आहेत. हा आढावा अशा वळणावर थांबलेल्या वाचकासाठी आहे. माझे मत आधीच नोंदवतो: गाठ कशाची आहे हे आधुनिक तपासणीनेच ठरवावे आणि चिनी उपचारांचा विचार ते उत्तर हाती आल्यानंतर करावा. चिनी वैद्यकाबद्दल अनादर असल्यामुळे मी या मतावर आलेलो नाही. त्या परंपरेतील जुने शल्यवैद्य गाठींचे किती बारकाईने निरीक्षण करत होते आणि ते नेमके कोठे अडले, हे पाहिल्यावरच हे मत पक्के झाले.

गाठ म्हणजे काय, याविषयी दोन दृष्टी

आधुनिक शरीरशास्त्रानुसार आपल्या शरीरात सुमारे सहाशे लसिका ग्रंथी असतात. पेशींच्या अवतीभवती साचणारा द्रव लसिका वाहिन्यांतून या ग्रंथींमध्ये येतो, तेथे रोगप्रतिकारक पेशी त्यातील जंतू आणि इतर परक्या घटकांना अडवतात आणि मग तो द्रव पुन्हा रक्तात मिसळतो. जंतूंशी झुंज सुरू झाली की ग्रंथीतील पेशींची संख्या वाढते आणि ग्रंथी सुजते. म्हणूनच पायाला ठेच लागून जखम चिघळली, की जांघेत अवधाण येते आणि घसा बसला की जबड्याखाली गाठी लागतात. परंतु क्षयाचे जंतू ग्रंथीतच ठाण मांडतात तेव्हाही ती सुजते, लिम्फोमा या कर्करोगात ग्रंथीच्याच पेशी अनिर्बंध वाढतात तेव्हाही सुजते, आणि तोंडाच्या, स्तनाच्या किंवा जठराच्या कर्करोगाच्या पेशी तेथे येऊन रुजतात तेव्हाही सुजते. बाहेरून मात्र प्रत्येक वेळी हाताला लागते ती गाठच.

चिनी वैद्यकात लसिका संस्थेची अशी स्वतंत्र कल्पना नव्हती. तेथे गाठीचे स्पष्टीकरण ‘ची’ या जीवनशक्तीच्या आणि शरीरातील द्रवांच्या गतीवरून दिले जाते. दीर्घकाळची चिंता आणि दाबून ठेवलेला राग यांमुळे यकृताशी जोडलेली ‘ची’ तुंबते, तुंबलेल्या शक्तीची उष्णता होते, त्या उष्णतेने द्रव आटून घट्ट होतो, आणि हा घट्ट झालेला द्रव म्हणजेच ‘थान’ मानेच्या बाजूने जाणाऱ्या मार्गांवर अडकून गाठ बनते, अशी ही मांडणी आहे. ‘थान’ची कल्पना आयुर्वेदातील कफाच्या बरीच जवळ जाते. मानेच्या दोन्ही बाजूंनी पित्ताशयाचा आणि ‘त्रिदाहक’ नावाच्या कार्यसमूहाचा मार्ग जातो असे मानत असल्यामुळे तेथील गाठींचा संबंध यकृत आणि पित्ताशय यांच्याशी जोडला जातो. आजार जुना झाला, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, रात्री घाम सुटू लागला आणि माणूस वाळू लागला, की शरीराला ओलावा आणि शीतलता देणारे ‘यिन’ क्षीण झाले असे निदान होते.

ही मांडणी वाचून हसण्याचे कारण नाही. युरोपात गास्पारे आसेली याने १६२२ मध्ये कुत्र्याच्या आतड्यांतील दुधाळ वाहिन्या पाहिल्या आणि १६५० च्या दशकात रुडबेक आणि बार्थोलिन यांनी लसिका वाहिन्यांचे वर्णन केले, तरीही पुढे कित्येक दशके मानेच्या गाठींवर राजाच्या हस्तस्पर्शाचा उपचार चालूच होता. पुढे कोशकार म्हणून गाजलेल्या सॅम्युएल जॉन्सनला याच आजारासाठी १७१२ मध्ये बालवयात इंग्लंडच्या अ‍ॅन राणीपुढे नेण्यात आले होते. रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवल्यानंतर आधुनिक वैद्यकाची वाट खरी वेगळी झाली, कारण तेव्हापासून गाठीच्या रूपावर न थांबता तिच्या कारणापर्यंत पोहोचता येऊ लागले.

चिनी शल्यवैद्यांनी काय पाहिले

चिनी वैद्यकाच्या पायाभूत ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन संहितेच्या ‘लिंगशू’ या भागात मानेत आणि काखेत येणाऱ्या, ‘लुओली’ नावाच्या गाठींचे वर्णन आहे. या आजाराचे मूळ आतल्या अवयवांत असते आणि मानेत-काखेत दिसते ते त्याचे टोक असते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. फुप्फुसांतील आणि ग्रंथींतील क्षयाचे नाते आज ज्याला ठाऊक आहे, त्याला या वाक्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. मात्र त्याच प्रकरणात रुग्णाच्या डोळ्यातील बुबुळावरून वरून खाली जाणाऱ्या लाल रेषा मोजून तो किती वर्षे जगेल हे सांगण्याची रीतही दिली आहे. अचूक निरीक्षण आणि निराधार भाकीत एकाच प्रकरणात शेजारी असणे हे बहुतेक प्राचीन वैद्यकांचे वैशिष्ट्य आहे, आणि त्यांचा आधार घेणाऱ्याला यातील काय घ्यावे हे निवडावे लागते.

पुढील शतकांत शल्यवैद्यांनी गाठींचे वेगवेगळे प्रकार पाडले. घसा किंवा दात बिघडल्यानंतर मानेत झपाट्याने येणारी, लाल, गरम आणि ठणकणारी सूज त्यांनी एका बाजूला ठेवली आणि तिचे कारण वारा-उष्णतेचे विष असे सांगितले. पायाच्या जखमेमुळे जांघेत येणारी गाठ त्यांनी वेगळी ओळखली आणि जखम बरी झाली की ती आपोआप बसते असेही नोंदवले. या दोन प्रकारांबाबत आधुनिक डॉक्टर आणि पारंपरिक चिनी वैद्य यांच्यात व्यवहारात फारसा वाद होणार नाही. मूळ जखमेकडे लक्ष द्यावे आणि पू होत असल्यास वेळेवर उपचार करावा, हेच दोघेही सांगतील.

‘लुओली’चे वर्णन या सर्वांत समृद्ध आहे. सुरुवातीला शेंगदाण्याएवढी एक किंवा अनेक गाठी येतात, त्या दुखत नाहीत, त्वचेचा रंग बदलत नाही आणि बोटाने ढकलल्या तर त्या सरकतात. मधल्या अवस्थेत त्या वाढतात, एकमेकींना आणि त्वचेला चिकटतात आणि वरची त्वचा काळपट लाल होते. शेवटी त्या फुटतात, पातळ पू आणि त्यातून कुजक्या कापसासारखा चोथा बाहेर येतो, जखम भरत नाही आणि महिनोन्‌महिने वाहत राहते. ग्रंथींच्या क्षयाचे यापेक्षा नेमके वर्णन आजच्या पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडेल; एकमेकींना चिकटलेल्या गाठी आणि चीजसारखा मृत ऊतींचा चोथा ही आजही क्षयाची ओळखीची लक्षणे आहेत.

चौथा प्रकार सर्वांत गंभीर होता. मिंग काळातील शल्यवैद्य चेन शीगोंग याने १६१७ च्या आपल्या शल्यग्रंथात मानेतील अशा गाठीचे वर्णन केले, जी दगडासारखी कठीण असते, ढकलली तरी हलत नाही आणि जिच्यासोबत माणूस पाणी तुटलेल्या झाडासारखा सुकत जातो. या आजाराची गणना पुढे शल्यतंत्रातील चार असाध्य रोगांत झाली. चेनने त्यावर स्वतःचे योग दिले खरे, परंतु त्याने रुग्ण बरा होतो असा दावा न करता आयुष्य थोडे लांबते एवढेच सांगितले. मला या वैद्याचा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. आज इंटरनेटवर चिनी गोळ्यांच्या जाहिरातींत ‘कर्करोगाच्या गाठी विरघळतात’ असे लिहिलेले दिसते, तेव्हा ज्या परंपरेच्या नावाने हा दावा केला जातो तिचा एक थोर शल्यवैद्य चारशे वर्षांपूर्वी काय म्हणून गेला, हे लक्षात ठेवावे.

ही परंपरा अडली ती पहिल्या अवस्थेपाशी. न दुखणारी, सरकणारी, त्वचेचा रंग न बदललेली छोटी गाठ क्षयाची असू शकते, लिम्फोमाची असू शकते किंवा महिन्याभरापूर्वीच्या विषाणूसंसर्गाचा निरुपद्रवी अवशेष असू शकते. बोटांनी या तिघांतील फरक कळत नाही; तो मिंग काळातल्या वैद्यालाही कळत नव्हता आणि आजच्या निष्णात शल्यचिकित्सकालाही केवळ स्पर्शाने कळत नाही. चिनी वैद्यकाच्या दृष्टीने तिन्ही रुग्णांत ‘ची’ तुंबलेली आणि ‘थान’ साचलेला असू शकतो आणि तिघांना एकच काढा मिळू शकतो, परंतु प्रत्यक्षात एकाला सहा महिन्यांची क्षयाची औषधे हवी असतात, दुसऱ्याला केमोथेरपी हवी असते आणि तिसऱ्याला काहीच नको असते.

निदानाची साधने

पारंपरिक चिनी वैद्य जीभ पाहतो, दोन्ही मनगटांवर तीन-तीन ठिकाणी नाडी पाहतो, गाठ चाचपतो आणि झोप, भूक, पाळी, स्वभाव, ताणतणाव यांविषयी तपशीलवार विचारपूस करतो. या विचारपुशीला वेळ लागतो आणि रुग्णाला आपले कोणीतरी ऐकून घेतले याचे समाधान मिळते, ही गोष्ट गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात दुर्मीळ झाली आहे हे मान्य करायला हवे. परंतु या साधनांनी ग्रंथीच्या आत काय आहे हे दिसत नाही.

आधुनिक तपासणीत प्रथम गाठीची जागा, आकार आणि मुदत पाहिली जाते. मानेत साधारणपणे एक सेंटीमीटरपेक्षा आणि जांघेत दीड ते दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी ग्रंथी लक्ष देण्याजोगी मानतात. गळपट्टीच्या हाडावर हाताला लागणारी कोणतीही ग्रंथी, आकाराने लहान असली तरी, गंभीरपणे घेतली जाते. विशेषतः डाव्या बाजूची अशी ग्रंथी पोटातील कर्करोगाची पहिली खूण असू शकते. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार लांबट आहे की गोल आणि तिची आतली रचना टिकून आहे की नाही हे दिसते. त्यानंतर बारीक सुईने पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि क्षयाचा संशय असल्यास त्याच नमुन्यावर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही चाचणी करतात, जिच्यात क्षयाचा जंतू आणि त्याचा रिफाम्पिसिन या औषधाला असलेला प्रतिरोध या दोन्ही गोष्टी कळू शकतात.

सुईने गाठ पसरते ही भीती आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. बारीक सुईच्या या तपासणीमुळे ग्रंथीचा क्षय किंवा लिम्फोमा शरीरभर पसरतो, याला आधार नाही. क्षयाच्या गाठीला सुरीने चिरा देऊन पू काढला तर मात्र ती जखम न भरता वाहत राहण्याचा धोका असतो, आणि म्हणूनच शल्यचिकित्सक तसा चिरा शक्यतो टाळतात. ‘गाठीला हात लावला आणि ती वाहायला लागली’ असे जुने अनुभव बहुधा अशा चिऱ्यांतून आलेले असावेत. या तपासणीची मर्यादाही सांगायला हवी: लिम्फोमाचे निदान सुईने मिळालेल्या सुट्या पेशींवरून नेहमी पक्के होत नाही, तेव्हा पूर्ण ग्रंथी काढून तपासावी लागते. एकदा सुई झाली, तरी पुन्हा शस्त्रक्रिया सांगितली, म्हणजे डॉक्टर गोंधळले आहेत असा अर्थ काढू नये.

निदानापूर्वी घेतलेली काही औषधे निदानच झाकून टाकतात. स्टेरॉइडमुळे लिम्फोमाची गाठ काही काळ लहान होते आणि मग नमुन्यात काही सापडत नाही. हा मुद्दा आपल्या तुलनेशी थेट जोडलेला आहे, कारण वनौषधी म्हणून दिल्या जाणाऱ्या उत्पादनांत न सांगता स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणे आहेत. ब्रिटनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्वचारोगांसाठी दिलेल्या ११ चिनी मलमांपैकी ८ मलमांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आढळले होते. ती मलमे होती, गोळ्या नव्हत्या. परंतु अनोळखी गोळीने गाठ चार दिवसांत बसली तर आनंदाआधी शंका यावी, एवढा बोध त्यातून जरूर घ्यावा.

औषधे: काय आहे, काय सिद्ध झाले आहे

चिनी वैद्यकात मानेच्या गाठींसाठी सर्वाधिक सांगितला जाणारा योग चेंग गुओपेंग याच्या १७३२ च्या ग्रंथातील आहे. त्यात श्वेन शेन हे मूळ, कालवांचे शिंपले आणि झ बेइ मू हा कंद असे तीनच घटक आहेत. पहिला उष्णता कमी करतो, दुसरा कठीण गाठ मऊ करतो आणि तिसरा ‘थान’ पातळ करतो असे त्याचे स्पष्टीकरण आहे. याच्या जोडीला श्या खू त्साओ ही वनस्पती जवळजवळ प्रत्येक वैद्य वापरतो. ही वनस्पती आपल्या हिमालयातही उगवते आणि चीनच्या दक्षिणेत उन्हाळ्यात तिचा काढा घरोघरी पेय म्हणूनही घेतला जातो. ग्रंथींच्या क्षयासाठी माओ झुआ त्साओ या छोट्या मुळ्यांचाही वापर होतो.

समुद्री शैवालांची कथा मात्र वेगळी आहे आणि निर्णय करणाऱ्याने ती समजून घेण्यासारखी आहे. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याने गळ्याखाली वाढत जाणाऱ्या गलगंडासाठी शैवालाचे मद्य सांगितले होते. आयोडीनच्या कमतरतेने होणाऱ्या गलगंडावर ते खरोखर गुणकारी ठरत असले पाहिजे, कारण शैवालात आयोडीन भरपूर असते. पुढे ‘शैवाल गळ्यातील गाठी मऊ करते’ असा सर्वसाधारण नियम झाला आणि तो लसिका ग्रंथींच्या गाठींनाही लागू करण्यात आला. लसिका ग्रंथी सुजण्याचा आयोडीनशी काहीच संबंध नसतो. उलट अतिरिक्त आयोडीनने थायरॉइडचे कार्य बिघडू शकते. एका आजारावरचा खरा उपाय केवळ जागेच्या सारखेपणामुळे दुसऱ्या आजारावर कसा गेला, याचे हे ठळक उदाहरण आहे. चिनी वैद्यकाच्या नियमांप्रमाणे शैवाल आणि ज्येष्ठमध एकत्र देणे निषिद्ध आहे, आणि तरीही चेन शीगोंगच्या प्रसिद्ध शैवाल-योगात हे दोन्ही आहेत. म्हणजे त्या परंपरेतही सर्व वैद्यांचे एकमत नव्हते.

प्रयोगशाळेत यांतील काही वनस्पतींनी सूज कमी करणारे किंवा जंतूंची वाढ रोखणारे परिणाम दाखवले आहेत. चीनमधील रुग्णांवर झालेले अभ्यास बहुतेक लहान आहेत आणि क्षयाच्या रुग्णांना त्यांत काढा दिला जातो तो नेहमीच्या क्षयविरोधी औषधांच्या जोडीने. चीनमधील मोठी पारंपरिक रुग्णालयेही आज सोनोग्राफी करतात, पेशी तपासतात आणि क्षय आढळल्यास आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन देतात. आपल्याकडे चिनी वैद्यक ‘गोळ्या-इंजेक्शनांना पर्याय’ म्हणून विकले जाते, परंतु ज्या देशात ते जन्मले तेथे गंभीर गाठींसाठी ते बहुधा पूरक म्हणूनच वापरले जाते.

धोक्यांचा विचार टाळून चालणार नाही. गलगंड आणि गाठींसाठी वापरला जाणारा ह्वांग याओ झ हा कंद म्हणजे आपला करांदा. कोकणात आणि पालघरच्या आदिवासी पट्ट्यात करांदे उकडून खातात आणि कडू जातीचा कडूपणा घालवल्याशिवाय ती खात नाहीत, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. औषध म्हणून हाच कंद दीर्घकाळ घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी चीनमध्येच आहेत. गाठींसाठीच्या काही जुन्या गोळ्यांत बचनागाच्या जातीची मुळी असते, जी नीट शुद्ध केली गेली नाही तर हृदयाची लय बिघडवते. १९९३ मध्ये बेल्जियममधून आलेल्या अहवालाने दाखवले की वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी तिच्यासारख्या नावाची, अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली दुसरी मुळी गेल्याने तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. याशिवाय जुन्या योगांत सूज विरवण्यासाठी खवल्या मांजराचे खवले वापरले जात. चीनने २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधकोशाच्या घटकसूचीतून ते वगळले. भारतात हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि आपल्या कोकणातही खवल्यांसाठी त्याची चोरटी शिकार होते. असे घटक असलेली गोळी घेणे हा आरोग्याबरोबर कायद्याचाही प्रश्न होतो.

अ‍ॅक्युपंक्चर आणि आपल्याकडील व्यवस्था

गाठींसाठी अ‍ॅक्युपंक्चरमध्ये मानेच्या, हाताच्या आणि पायाच्या ठरावीक बिंदूंवर सुया देतात, कोपराच्या टोकावर मोक्सा ही वाळवलेली वनस्पती जाळून शेक देण्याची जुनी पद्धत आहे, आणि काही वैद्य तापवलेली सुई थेट गाठीत घालतात. या शेवटच्या प्रकाराला, निदान न झालेल्या गाठीवर, कोणीही संमती देऊ नये असे मला ठामपणे वाटते. बिंदूंवरच्या सुयांनी ग्रंथी लहान होतात याचा भरवसा देण्याइतका पुरावा नाही. केमोथेरपीनंतरची मळमळ कमी करण्यासाठी मनगटाजवळच्या ‘नेइगुआन’ बिंदूचा उपयोग होतो, याला मात्र बऱ्यापैकी आधार आहे. लिम्फोमाचे उपचार घेणाऱ्या रुग्णाने कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीने तो जरूर करून पाहावा. पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या दिवसांत सुयांमुळे संसर्गाचा धोका असतो, म्हणून ही संमती केवळ उपचारापुरती न मागता तारखेसह मागावी.

महाराष्ट्राचे या पद्धतीशी जुने नाते आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात होते. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषदही आहे, त्यामुळे उपचार देणाऱ्याची नोंदणी विचारणे हा रुग्णाचा रास्त हक्क आहे. चिनी वनौषधींना मात्र भारतात आयुष पद्धतींमध्ये स्थान नाही. म्हणजे पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून जो चिनी काढा घेईल, त्याच्या मागे ना नोंदणीकृत वैद्य असतो ना औषधाच्या दर्जाची हमी. सिंगापूर किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी वाचकांची स्थिती यापेक्षा बरी आहे, कारण तेथे चिनी वैद्यांची कायदेशीर नोंदणी होते.

आयुर्वेदाकडे वळणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की गंडमाळा आणि अपची या मानेतील गाठींच्या आजारांची मांडणी कफ आणि मेद यांवर आधारलेली आहे आणि कांचनार गुग्गुळ हे त्यासाठीचे परिचित औषध आहे. तेथेही निदानाची अडचण तीच राहते. चरकसंहितेत मात्र गंडमाळा साध्य असली तरी खोकला, ताप, बरगडीतील वेदना, सर्दी आणि उलटी यांच्यासह आली तर असाध्य समजावी असे सांगितले आहे. आजच्या काळात तोच रुग्ण छातीच्या एक्स-रेसाठी पाठवला जाईल.

कोणी काय निवडावे

लहान मुलाला सर्दी-तापानंतर मानेत छोट्या, मऊ, सरकणाऱ्या गाठी आल्या असतील, मूल खेळत-खात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून वाट पाहणे पुरेसे असते. त्याला काढ्याची गरज नाही आणि प्रतिजैविकाचीही बहुधा नाही. जखमेमुळे आलेल्या अवधाणाला जखमेचा उपचार हवा.

गाठ चार आठवड्यांहून अधिक टिकली, वाढत राहिली, दगडासारखी कठीण लागली, गळपट्टीच्या हाडावर आली, किंवा तिच्यासोबत ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम आणि सहा महिन्यांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक घट असेल, तर कोणताही पर्यायी उपचार ‘पंधरा दिवस करून पाहू’ म्हणून सुरू करू नये. लिम्फोमाचे अनेक प्रकार आज बरे होतात, आणि गेलेले महिने परत मिळत नाहीत.

सर्व तपासण्या झाल्या, ग्रंथी केवळ प्रतिक्रियेने वाढलेली आहे असे निघाले, तरीही मनातली धास्ती जात नाही आणि झोप लागत नाही, अशा रुग्णासाठी नोंदणीकृत अ‍ॅक्युपंक्चर उपचारकाकडे जाण्यात मला गैर वाटत नाही. चिंता आणि गाठ यांचे जे नाते चिनी वैद्यक सांगते ते गाठीच्या कारणाविषयी खरे नसले, तरी गाठ सापडलेल्या माणसाच्या मनाविषयी ते नक्की खरे आहे, आणि आधुनिक वैद्यक त्याकडे पुरेसे लक्ष देत नाही.

ग्रंथींचा क्षय निघाला, तर भारतात निर्णय सोपा असायला हवा. फुप्फुसांबाहेरच्या क्षयात आपल्याकडे सर्वाधिक आढळतो तो हाच प्रकार, त्याची औषधे सरकारी कार्यक्रमात विनामूल्य मिळतात, औषधाला प्रतिरोध नसल्यास उपचार साधारण सहा महिने चालतो आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. या काळात कोणताही चिनी किंवा देशी काढा डॉक्टरांना न सांगता घेऊ नये, कारण आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृतावर ताण आणतात आणि रिफाम्पिसिन इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही बदलते. भूक अचानक गेली, उलट्या सुरू झाल्या, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढची मात्रा घेण्याआधी त्याच दिवशी केंद्रावर जावे.

अनेक रुग्ण ज्या क्षणी उपचार बदलतात तो क्षण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतो. औषधे नियमित चालू असताना काही रुग्णांची गाठ लहान होण्याऐवजी मोठी होते, शेजारी नवी गाठ येते किंवा गाठ मऊ पडून फुटते. मरणाऱ्या जंतूंना शरीराने दिलेला हा तीव्र प्रतिसाद असू शकतो, परंतु औषधाचा प्रतिरोध किंवा चुकलेले निदान यांमुळेही असेच होऊ शकते, म्हणून पुन्हा नमुना घेऊन खात्री करावी लागते. नेमक्या याच वेळी घरातले म्हणतात की गोळ्या लागू पडत नाहीत, आता दुसरी पद्धत पाहू. अशा वेळी गोळ्या बंद न करता पहिल्या तपासणीचा अहवाल घेऊन ज्या डॉक्टरांनी उपचार सुरू केला त्यांच्याकडे परत जावे. पूर्ण उपचारानंतरही काही जणांच्या मानेत न वाढणारी, न दुखणारी छोटी ग्रंथी शिल्लक राहते; डॉक्टरांनी ती पाहून नोंदवली असेल, तर तिला विरवण्यासाठी आणखी कोणतेही औषध घेण्याची गरज नसते.